बालीला जाऊन दमून परत येऊ नका

ह्या वेळी पत्रांच्या ढिगात बालीच बाली आहे, आणि गंमत म्हणजे काय बघू हे फार कमी जणांनी विचारलंय, बहुतेकांना तिथे जाऊन शांत पडायचंय आणि ते कसं जमवायचं हे हवंय. म्हणून अख्खं सदर त्यालाच दिलंय.

प्र. ताई, एजंटने ७ दिवसांचा प्लॅन दिलाय. कुटा दोन रात्री, उबुड दोन रात्री, मग लोविनाचे डॉल्फिन, बातुर पर्वतावर पहाटेचा ट्रेक, नुसा पेनिडाची डे ट्रिप आणि मध्ये एक दिवस स्पा. आम्ही दोघंही ऑफिसने पिळून निघालोय. बायको म्हणते हा कागद वाचूनच दमले. काय ठेवू, काय काढू?

उ. वहिनींचं बरोबर आहे. ह्या कागदावर आराम फक्त त्या स्पाच्या दिवशी आहे आणि तोही दोनेक तासांचाच असणार. लोकांना वाटतं बाली म्हणजे एवढंसं बेट, सकाळी इकडे संध्याकाळी तिकडे, पण ते साडेपाच हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलंय, मध्ये ज्वालामुखींचे डोंगर, रेल्वे नाहीच, आणि दक्षिणेकडच्या रस्त्यांवर गाड्यांची अशी गर्दी की विमानतळ ते उबुड जेमतेम ४० किलोमीटरला दीड-दोन तास सहज जातात.

आता एकेक बघू. बातुर १,७१७ मीटरचा जिवंत ज्वालामुखी आहे, सूर्योदय वरून बघायचा तर उबुडहून रात्री दोनच्या सुमारास गाडीत बसावं लागतं, मग अंधारात टॉर्च लावून चढण. ज्यांना ट्रेक आवडतो त्यांनी जरूर करावा, पण झोपेचा कोटा भरायला आलेल्या माणसाने दोनचा अलार्म कशाला लावायचा? लोविना पार उत्तर टोकाला, डॉल्फिनच्या बोटी पहाटेच निघतात म्हणजे परत तेच, आणि एकेका डॉल्फिनमागे बोटींची झुंड धावते ते बघून मला तरी शांत वगैरे काही वाटत नाही. पेनिडाचे कडे फोटोत दिसतात तितकेच सुंदर आहेत ह्यात वाद नाही, पण एका दिवसात बोट, मग खडबडीत चढउतारांचे रस्ते, मग परत बोट, रात्री कंबर धरूनच झोपाल.

मी असते तर चार रात्री उबुडच्या बाहेर भातशेतीजवळ आणि तीन रात्री सानुरला समुद्राजवळ, बाकी सगळं खोडलं असतं. कुटाही खोडा, तिथला गोंगाट तुमच्या ऑफिसपेक्षा जास्त आहे. पहिल्या दिवशी सकाळचं काहीही बुक करू नका कारण बालीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, तिथले सकाळचे सहा म्हणजे तुमच्या शरीराचे साडेतीन. विषुववृत्त जवळ असल्याने तिथे वर्षभर सहा ते पावणेसातच्या दरम्यान सूर्य मावळतो, दोन-तीन दिवसांत जेवण आपोआप लवकर होतं आणि डोळेही लवकर मिटायला लागतात, ह्यासाठी वेगळी थेरपी विकत घ्यायची गरज नाही.

प्र. वय २७, पहिल्यांदाच एकटी जातेय, योगा आणि शांतता हवीय. सगळ्या रील्स चांगगुच्या आहेत. तिथेच राहू का?

उ. अगं, चांगगु म्हणजे कॅफे, बीच क्लब, लॅपटॉप घेऊन बसलेली जगभरची तरुण मंडळी आणि शेजारच्या प्लॉटवर सकाळपासून चालू असलेलं बांधकाम. मजा करायला मस्त, शांततेला नाही. योगासाठी उबुडच बरं, तिथे रोजचे सुटे क्लास मिळतात, आठवड्याचं रिट्रीट आधीच पैसे भरून घ्यायलाच हवं असं नाही, एक-दोन क्लास करून बघ, शिक्षक पटला तर पुढे जा. उबुडच्या मुख्य रस्त्यावर मात्र खोली घेऊ नकोस, चालत पंधरा मिनिटं आत गेलीस की बेडकांचा आवाज सुरू होतो. अजून शांत हवं असेल तर सिदेमनचं खोरं बघ, समोर आगुंग पर्वत आणि संध्याकाळी करायला खरंच काहीही नाही, किंवा डोंगरातलं मुंडुक, तिथे हवा इतकी गार की रात्री अंगावर काहीतरी घ्यावं लागतं. मे, जून किंवा सप्टेंबर गाठ. नोव्हेंबर ते मार्च पाऊस, जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी.

प्र. आईला (वय ६१, डायबिटीस, गोळ्या चालू) घेऊन जातेय. रिसॉर्टवाले ५ दिवसांचं ज्यूस डिटॉक्स पॅकेज देतायत, म्हणतात शुगरलाही चांगलं. घेऊ का?

उ. नाही. शरीरातलं टाकाऊ बाहेर काढायचं काम लिव्हर आणि किडनी रोज फुकटात करतात, त्यांना ज्यूसची वाट बघावी लागत नाही. आणि डायबिटीसच्या गोळ्या चालू असताना जेवण बंद ठेवलं तर काही गोळ्यांनी शुगर धोकादायक खाली येऊ शकते, उलट फळांचा रस प्यायला की ती झपकन वर जाते, म्हणजे दोन्हीकडून पंचाईत आणि वर परका देश. त्यांच्या डॉक्टरांना न विचारता कुठलाही उपवासाचा प्रोग्रॅम नको, आणि पोट साफ करायच्या त्या एनिमाच्या पॅकेजकडे तर बघूही नका.

त्याऐवजी तिथलं जे खरं आहे ते द्या ना आईंना. बालीचा पारंपरिक मसाज तेलाने, तळव्यांनी दाबून करतात, ब्लड प्रेशर किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर आधीच सांगून हलका दाब मागायचा. बोरेह नावाचा लेप असतो, तांदूळ, आलं, लवंग वगैरे वाटून, अंगाला लावला की ऊब येते, शेतात राबून अंग दुखलं की लोक लावायचे. पण उन्हात त्वचा भाजली असेल त्या दिवशी बोरेह अजिबात नको, आग आग होईल, आणि डायबिटीसमुळे पायाला गरम-थंड नीट कळत नसेल तर पायाला लावूच देऊ नका. जामू म्हणजे हळद, चिंच, आलं असल्या गोष्टींचं पेय, इंडोनेशियाच्या ह्या जामू संस्कृतीला २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळालीय, छानच लागतं, फक्त गूळ-साखर न घालता मागा. नळाचं पाणी मात्र दात घासायलाही नको.

राहायला सानुर घ्या. किनाऱ्याला समांतर लांबलचक सपाट फरसबंदी वाट आहे, गुडघे दुखणाऱ्यांनाही जमते, सूर्योदय समुद्रातून दिसतो, आणि बाहेर प्रवाळाची भिंत असल्याने पाणी शांत असतं. फक्त ओहोटीला ते इतकं उथळ होतं की पोहणं सोडाच, नुसतं चालावं लागतं, तेव्हा भरतीची वेळ हॉटेलात विचारून घ्यायची. कुटा-सेमिन्याककडच्या लाटा आणि आत ओढणारे प्रवाह वेगळेच, तिथे लाल झेंडा दिसला की पाण्यात पाय घालायचा नाही.

प्र. तीर्ता एम्पुलचं पवित्र स्नान आम्हा परदेशी लोकांना करता येतं का? फोटो कधी चांगले येतात?

उ. करता येतं, पण दुसरा प्रश्न वाचून मी जरा थांबले. इ. स. ९६२ च्या सुमारास बांधलेलं हे देऊळ आहे, स्पा नव्हे, लोक तिथे मेलुकात करायला, म्हणजे अंगावर झऱ्याचं पाणी घेऊन शुद्ध व्हायला येतात, घरातलं कुणी आजारी असतं, कुणाचं काही बिनसलेलं असतं. पाण्यात जायला वेगळा सारोंग मिळतो तो नेसायचा, आधी नैवेद्य ठेवून प्रार्थना, मग डावीकडून एकेक धारेखाली. काही धारा मृतांच्या विधींसाठी राखलेल्या आहेत, त्या सोडायच्या, म्हणून सोबत स्थानिक माणूस असलेला बरा. पाळी चालू असताना बायकांना देवळात प्रवेश नाही, नियम पटो न पटो, त्यांचं घर आहे. पाण्यात उभं राहून दहा-दहा फोटो काढणाऱ्याच्या मागे एखादी आजी कुडकुडत थांबलेली असते, ते तेवढं करू नका. सकाळी देऊळ उघडता उघडता गेलात तर गर्दी कमी.

प्र. न्येपीच्या, म्हणजे बालीच्या हिंदूंच्या मौनाच्या नववर्षाच्या दिवशी मुद्दाम तिथे राहावं का? २०२६ मध्ये १९ मार्चला आहे म्हणे.

उ. राहाच! शांतता पाहिजे म्हणणाऱ्यांसाठी ह्याहून चांगला दिवस नाही आणि त्यासाठी वेगळे पैसेही नाहीत. त्यांचं शक वर्ष आणि आपला शालिवाहन शक एकच, म्हणून त्यांचं १९४८ आणि आपला १९ मार्चचा पाडवा एकाच दिवशी येतोय. आपण गुढी उभारून श्रीखंडावर ताव मारतो, ते लोक दिवा लावत नाहीत, काम करत नाहीत, घराबाहेर पडत नाहीत, करमणूक करत नाहीत. सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा. विमानतळ बंद, रस्ते रिकामे, मोबाइल डेटाही बंद करतात, आणि गावचे पहारेकरी, पेचालांग, फिरून बघतात कुणी बाहेर आलंय का. तुम्हाला हॉटेलच्या आवारात राहायचं, दिवे मंद, पडदे ओढलेले, जेवण हॉटेल देतं. अँब्युलन्स वगैरे चालू असतात, उगाच घाबरू नका. रात्री आकाश निरभ्र असेल तर तारे असे दिसतात की मोठ्या शहरात राहणाऱ्यांना आधी खरंच वाटत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह, म्हणजे राक्षसांच्या भल्यामोठ्या मूर्तींच्या मिरवणुका असतात, त्या चुकवू नका, म्हणून १७ लाच पोचा. आणि खोली घेताना बाग किंवा स्विमिंग पूल असलेली जागा घ्या, चार भिंतींच्या स्वस्त खोलीत चोवीस तास म्हणजे शिक्षा. लहान मुलं असतील तर दहादा विचार करा.

प्र. झोप लागत नाही म्हणून सीबीडी ऑइल घेते. सोबत नेलं तर चालेल?

उ. अजिबात नाही. सीबीडी गांजाच्याच झाडापासून काढतात, इंडोनेशियात ते बेकायदा आहे आणि अमली पदार्थांचे कायदे अतिशय कडक आहेत, थोडंसं, स्वतःसाठी, औषध म्हणून असली कारणं तिथे चालत नाहीत. तिथे कुणी गांजा किंवा मशरूम देऊ केले तरी नको. बाकीच्या गोळ्या मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसकट.

प्र. शुद्ध शाकाहारी आहोत, उपाशी राहू का?

उ. नाही हो, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफू सगळीकडे, गाडो-गाडो म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची आमटीसारखी चटणी. खरी भानगड तेरासीची, ती कोळंबीची वाटलेली पेस्ट असते आणि सांबल चटण्यांमध्ये बिनबोभाट घातलेली असते. "तानपा तेरासी" म्हणजे तेरासीशिवाय, हे पाठ करा. सोबतचे कुरकुरीत पापडही बरेचदा कोळंबीचे असतात.

प्र. व्हिसा आणि पैशांचं थोडक्यात सांगा.

उ. पोचल्यावर मिळणारा व्हिसा ५ लाख इंडोनेशियन रुपिया, ३० दिवसांचा. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना दीड लाख रुपियाचं वेगळं शुल्क आहे, ते निघायच्या आधीच ऑनलाइन भरून टाका. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी. आकड्यांमधली शून्यं बघून दचकू नका, पण नोट देताना एक शून्य परत मोजा.

प्र. स्कूटर भाड्याने घेऊन निवांत फिरायचा विचार आहे. ठीक ना?

उ. दुचाकीचा शिक्का असलेलं आंतरराष्ट्रीय लायसन्स असेल, हेल्मेट घालणार असाल आणि गावातल्या आतल्या रस्त्यांपुरतंच असेल तर ठीक. लायसन्स नसताना अपघात झाला तर ट्रॅव्हल इन्शुरन्सवाले हात वर करतात. नाहीतर दिवसभराची ड्रायव्हरसकट गाडी करा, मागे डुलकी काढता येते. आणि उबुडच्या माकडांच्या जंगलात जाणार असाल तर चष्मा, खाऊ आत ठेवा, माकड चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठायचा. बालीत २००८ पासून रेबीज आहे, रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही तोच नियम.