ट्रायकोडर्मा आणि रासायनिक बुरशीनाशक सोबत दिलं तर चालतं का?

तुम्ही विचारलंय की लिंबाच्या झाडांना डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) आणि मूळकूज आहे, तर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) आणि केमिकल दोन्ही द्यायचं का. द्या की, पण कुठलं केमिकल आहे ते आधी बघा, सगळं त्यावर आहे.

मी स्वतः गाढवपणा करून बसलोय म्हणून सांगतो. आधी कार्बेन्डाझिम या रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी केली (पाण्यात मिसळून मुळाशी ओतलं) आणि चार दिवसांनी त्याच आळ्यात ट्रायकोडर्मा सोडला, म्हटलं डबल काम होईल. अहो ट्रायकोडर्मा पण बुरशीच ना, कार्बेन्डाझिमला काय कळतंय ही पाळलेली आहे म्हणून, आणि ते मातीत काही महिनेसुद्धा टिकतं, त्यामुळे चार दिवसांचा गॅप म्हणजे काहीच नाही. वरून डिंक्या ज्या फायटोप्थोरा नावाच्या रोगजंतूमुळे होतो त्याच्यावर कार्बेन्डाझिम चालतच नाही. म्हणजे रोग तसाच आणि विकत आणलेला ट्रायकोडर्मा मेला.

फायटोप्थोराला आपण बुरशी म्हणतो खरं पण तो खऱ्या बुरशीतला नाही, ऊमायसीट या बुरशीसारख्या दिसणाऱ्या वेगळ्या गटातला आहे. आणि तुमचं काम इथेच सोपं होतं, कारण मेटालॅक्झिल हे केमिकल मुख्यतः याच गटावर चालतं, ट्रायकोडर्माला फारसं काही करत नाही, फोसेटिल या दुसऱ्या केमिकलचंही साधारण तसंच. फक्त पाकीट वाचा हं, मेटालॅक्झिल बरेचदा मॅन्कोझेब या दुसऱ्या बुरशीनाशकासोबत मिक्स येतं आणि मॅन्कोझेब सरसकट सगळ्या बुरशींवर जातं. तसं मिक्स दिलं असेल तर मी ट्रायकोडर्माला किमान 15 दिवस थांबतो. नुसत्या मेटालॅक्झिलवर मात्र दरवेळी विसंबू नका, रोगाला त्याची सवय (रेझिस्टन्स) लवकर होते आणि मग ते चालत नाही.

ट्रायकोडर्मा नुसता पाण्यातून सोडण्यापेक्षा 1 किलो पावडर साधारण 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, सावलीत ओलसर ठेवा, 10-15 दिवसांत पांढरी-हिरवी वाढ दिसेल, मग आळ्यात मुळांजवळ टाका. त्याला खायला काहीतरी लागतं, नुसत्या कोरड्या मातीत तो टिकत नाही.

खोडाला बोर्डो पेस्ट (1 किलो मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी) बिनधास्त लावा, डिंक खरवडून मग लावा. ती सालीवरच राहते आणि ट्रायकोडर्मा खाली मातीत, दोघांची गाठच पडत नाही. स्यूडोमोनास (रोगाविरुद्ध वापरतात तो उपयोगी जिवाणू) वापरत असाल तर त्याला तांबं सोसत नाही, एका टाकीत नको. फोसेटिल आणि तांबं पण एकत्र फवारू नका, पानं जळतात.

आणि आळ्यातलं पाणी खोडाला टेकत असेल तर आधी ते बंद करा, खोडाभोवती आत मातीची भर घालून बाहेरून दुसरं आळं करा, कारण फायटोप्थोरा पाण्यातूनच पोहत खोडापर्यंत येतो.