विचारा गाडीबद्दल : दोन लाखांनंतर बिग एंडची मेटलं कशी जपायची?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझी १२४८ सीसीची टर्बो डिझेल गाडी २,१०,००० किलोमीटर चालली आहे. मी चिपळूणचा, कामासाठी कुंभार्ली घाटातून कराडला सारखं जाणं-येणं असतं. १,८०,००० ला टर्बो गेला, नवा बसवला. गेल्या पावसाळ्यात खड्ड्यात आपटून इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर चेपलं, पण गळती नाही म्हणून तसंच ठेवलं. आता मित्राच्या अशाच गाडीचा कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला आणि माझी झोप उडाली. एक मेकॅनिक म्हणतो, घट्ट ऑइल टाका आणि वर अॅडिटिव्हची एक बाटली ओता. दुसरा म्हणतो, बिग एंडची मेटलं (रॉड खाली क्रँकशाफ्टला जोडतो तिथली बेअरिंगं) आत्ताच बदला. काय करू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमच्या पत्रात मला रॉडपेक्षा चेंबरचं वाक्य जास्त खटकलं. ‘गळती नाही म्हणून तसंच ठेवलं.’ अहो, पंप ज्यातून ऑइल ओढतो त्या जाळीचं, म्हणजे स्ट्रेनरचं तोंड चेंबरच्या तळापासून जेमतेम बोटभर वर असतं. चेंबर आत चेपलं की ते अर्धवट झाकलं जातं. आयडलला काही कळत नाही, कारण तेव्हा पंपाला फार ऑइल लागत नाही. तीन-साडेतीन हजार आरपीएमला पंप जोरात ओढायला लागतो आणि उपाशी राहतो. आधी ते चेंबर उतरवा. घट्ट ऑइल, बाटली, मेटलं, सगळं त्यानंतर.

उद्यमनगरात आमचं क्रँक ग्राइंडिंगचं काम चालतं. येणारे बहुतेक क्रँक बिग एंडला गेलेले असतात, मेन जर्नल (क्रँक ब्लॉकमध्ये ज्यांवर फिरतो ते गोल भाग) त्या मानाने बरे. कारण ऑइलची वाटच तशी आहे. पंप, फिल्टर, मेन गॅलरी (ब्लॉकमधली ऑइलची मुख्य नळी), मेन बेअरिंग आणि तिथून क्रँकच्या पोटातल्या भोकातून शेवटी बिग एंड. म्हणजे पंगतीत सगळ्यात शेवटी बसलेला, आणि काम मात्र सगळ्यात जड. ७० मिलिमीटरचा पिस्टन आणि ज्वलनाचा १५० बार दाब धरा : सहा टनांच्या आसपास भार एका रॉडवर येतो. तो पेलते ऑइलची काही मायक्रॉनची फिल्म. क्रँक फिरताना ऑइलला फटीत ओढून नेतो आणि त्यातूनच दाब तयार होतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशाम्प टॉवर रेल्वेच्या अॅक्सलच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. त्याने बेअरिंगला वरून भोक पाडलं तर ऑइल उसळून बाहेर यायला लागलं. बूच मारलं, तेही ढकलून दिलं. त्यामागचं गणित पुढे १८८६ मध्ये ऑसबोर्न रेनल्ड्सने मांडलं. आजच्या मेटलाचं आयुष्य त्याच गणितावर आहे : फिरण्याचा वेग आणि ऑइलचा घट्टपणा फिल्म वाढवतात, भार ती पातळ करतो.

म्हणून तुमच्या घाटाबद्दल विचारते. चढावर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये चौदाशे आरपीएमला अॅक्सिलरेटर दाबून गाडी रेटता का? टर्बोमुळे गाडी ओढते, पण भार भरपूर आणि वेग कमी, ही मेटलाला सगळ्यात वाईट अवस्था. गिअर खाली घ्या, दोन हजारांच्या वर ठेवा. इंजिनाचा आवाज वाढला की इंजिन झिजतंय असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. रेटून चढवलेली गाडी शांत वाटते, पण मार तिलाच जास्त बसतो.

आता टर्बो. तो गेला तेव्हा चेंबर उतरवलं होतं का? बिलात ते लिहिलेलं नसेल तर उतरवलं नाही असंच धरा. टर्बोचं बेअरिंग झिजतं तेव्हा त्याचा चुरा परतीच्या पाइपने चेंबरमध्येच येतो. फिल्टर तो अडवतो, पण फिल्टर तुंबला की त्यातला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट गॅलरीत जातं. शिवाय उलट बाजूही तपासायला हवी : टर्बो मुळात गेला कशाने? ऑइल कमी पडून गेला असेल तर तीच उपासमार बिग एंडलाही भोगावी लागली आहे. नवा टर्बो बसवून कारण तसंच राहिलं.

चेंबर उतरवल्यावर स्ट्रेनरच्या जाळीत नीट बघा. मला तिथे काळी काजळी सापडते, चेनच्या गाइडचे प्लॅस्टिकचे तुकडे सापडतात, आणि वाईट म्हणजे सिलिकॉन सीलंटच्या शेवया. मागच्या कुणी हात सैल सोडून लावलेलं सीलंट आतल्या कडेने बाहेर येतं, सुटतं आणि जाळीवर बसतं. पट्टी बारीक लावायला सांगा. जुना ऑइल फिल्टर फेकू देऊ नका. तो कापून कागद उलगडून उन्हात धरा. चंदेरी चमक दिसली, त्यात तांबूस कण असतील, तर मेटलाचा वरचा थर जाऊन आतला तांब्याचा थर उघडा पडलाय. चमक नसेल, जाळी स्वच्छ असेल, तर मेटलं राहू द्या. माझा धंदा ग्राइंडिंगचा असूनही हे सांगते. नुसत्या किलोमीटरवरून मेटलं बदलणं मला पटत नाही. परदेशात बीएमडब्ल्यूच्या जुन्या एम-थ्रीचे मालक ती आधीच बदलून घेतात, पण ते आठ हजार आरपीएमपर्यंत फिरणारं बिनटर्बोचं इंजिन, आणि त्याची मेटलं कंपनीनेच मोहीम काढून बदलून दिली होती. तुमच्या डिझेलला तो दाखला लागू होत नाही.

चमक दिसली तर मात्र रॉडच्या टोप्या (बिग एंडचा सुटा होणारा खालचा अर्धा भाग) उघडाव्याच लागतील. बऱ्याच इंजिनांत ते चेंबर काढून खालूनच होतं. मायक्रोमीटरने क्रँकचा तिथला जर्नल मोजा. लंबगोल झाला असेल तर नवी मेटलं घालून उपयोग नाही, ती लवकरच जातील. आजचे बरेच रॉड अखंड घडवून मग तोडून दुभागलेले असतात, तुटलेल्या कडा एकमेकींतच बसतात, त्यामुळे एका रॉडची टोपी दुसऱ्याला चालत नाही, उलटी बसत नाही, आणि टोपी घासून फट कमी करण्याची जुनी युक्ती इथे रॉडचं वाटोळं करते. मेटलाखाली कागद किंवा पत्रा घालणाऱ्याकडून गाडी घेऊन सरळ निघून या. बोल्ट बहुतेक गाड्यांत एकदाच वापरायचे असतात; नवे घ्या, आणि सांगितलेल्या टॉर्कला व अंशांना आवळून घ्या. अंदाजाने नको.

ऑइल. २०डब्ल्यू-५० टाकून झिजलेली फट भरून निघत नाही. थंड असताना ते पोहोचायलाच उशीर करतं, आणि पोहोचेपर्यंत बिग एंड कोरडा. मॅन्युअलमध्ये दोन ग्रेड दिले असतील तर या वयात त्यातला घट्ट घ्या, उदाहरणार्थ ५डब्ल्यू-३० ऐवजी ५डब्ल्यू-४०. त्यापलीकडे जाऊ नका. बाटलीने आवाज झाकला जातो, झीज तशीच राहते. फ्लश (ऑइल बदलण्याआधी रसायन टाकून इंजिन आतून धुणं) तर या वयाच्या गाडीला मी मुळीच करू देत नाही. सुटलेली घाण जाळीवरच जाते. त्या पैशांत १०,००० ऐवजी पाच-सहा हजारांना ऑइल आणि फिल्टर बदला. अशा छोट्या डिझेलमध्ये ऑइल तीन लिटरच्या आसपासच मावतं. त्यातलं लिटरभर टर्बोने खाल्लं तर घाटाच्या वळणावर पंप हवा ओढतो. दर आठवड्याला सपाट जागी डिपस्टिक बघा.

लाल दिव्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो प्रेशर अर्ध्या बारच्या आसपास उतरल्यावर पेटतो, तोवर व्हायचं ते झालेलं असतं. प्रेशर स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावून घ्या, इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलला आणि अडीच हजारांना आकडा लिहून ठेवा, मॅन्युअलशी ताडून बघा. हजार आरपीएममागे ०.७ बार हा जुना ठोकताळा आहे. सहा महिन्यांनी पुन्हा मोजलं की घसरण कळते.

आणि आवाज. बिग एंडची ठोक खोल असते, इंजिन तापल्यावर वाढते, दोन हजारांच्या आसपास अॅक्सिलरेटर किंचित सोडला की स्पष्ट ऐकू येते. इंजेक्टरचा टकटकाट वरून आणि थंडीत जास्त येतो. शंका असेल तर मेकॅनिकला एकेका इंजेक्टरचा वायरचा कनेक्टर काढून बघू दे. ज्या सिलिंडरला ठोक मंदावते तो रॉड संशयित. डिझेलचा पाइप सैल करून ही परीक्षा करू देऊ नका. कॉमन रेलमधला दाब हजार बारच्या पुढे जातो, तो फवारा कातडीत घुसतो. ठोक पक्की झाली तर गाडी टोइंगने न्या. ‘गॅरेजपर्यंत जाईल हो’ म्हणत चालवलेल्या गाड्यांचेच ब्लॉक फुटलेले मी बघते.

प्रश्न : माझी एक लिटरची टर्बो पेट्रोल गाडी पुण्यात घर ते ऑफिस एवढीच, तीन किलोमीटर चालते. ऑइल कमी होण्याऐवजी डिपस्टिकवर वाढलेलं दिसतं. चांगलं लक्षण का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही. इंजिन तापण्याआधीच बंद होतं, त्यामुळे न जळलेलं पेट्रोल रिंगांवरून खाली उतरतं आणि ऑइल पातळ होतं. वर जे सांगितलं तेच : घट्टपणा गेला की फिल्म गेली. आठवड्यातून एकदा गाडी महामार्गावर अर्धा-पाऊण तास चालवा, ऑइल किलोमीटर न बघता सहा महिन्यांनी बदला. डब्यावर एपीआय एसपी लिहिलेलं घ्या. छोट्या टर्बो पेट्रोलमध्ये कमी वेगाला होणारं अवेळी ज्वलन आवरण्याची चाचणी त्या दर्जात आहे, आणि तो घावसुद्धा रॉडवरच बसतो. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर पुढच्या सर्व्हिसची वाट न बघता या आठवड्यातच ऑइल बदला. त्यानंतरही पातळी वाढतच राहिली तर इंजेक्टर तपासून घ्या.