सेटअपला डिस्क सापडत नाही, तर नवी डिस्क घ्यावी का?

प्रश्न : माझा लॅपटॉप २०२१ साली घेतलेला असून त्यात इंटेलचा अकराव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर आणि ५१२ जीबीची एसएसडी आहे. विंडोज १० चे अपडेट बंद झाले आणि लॅपटॉपही फार मंदावला, म्हणून मी 'रीसेट धिस पीसी' मध्ये जाऊन 'कीप माय फाइल्स' हा पर्याय निवडला. काम तीस टक्क्यांवर आलेले असताना आमच्या भागातील वीज गेली आणि बॅटरी निकामी असल्यामुळे लॅपटॉप जागीच बंद पडला. आता सुरू केल्यावर 'ऑटोमॅटिक रिपेअर' असा निळा पडदा येतो, त्यापुढे काहीच होत नाही. शेजारच्यांच्या संगणकावर विंडोज ११ चा पेन ड्राइव्ह तयार करून पाहिला. सेटअप सुरू होतो. परंतु विंडोज कुठे टाकायचे हे विचारणाऱ्या पानावर एकही डिस्क दिसत नाही, फक्त ड्रायव्हर लोड करण्याची सूचना येते. एका दुरुस्तीच्या दुकानात 'डिस्क उडाली, नवी टाकावी लागेल, जुने काही मिळणार नाही' असे सांगण्यात आले. मी घरी दहावीच्या गणिताची शिकवणी घेते. नऊ वर्षांत स्वतः टाइप केलेल्या सगळ्या प्रश्नपत्रिका त्या डिस्कवर आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही. मी काय करावे?
— एक शिक्षिका, म्हसरूळ, नाशिक

उत्तर : सर्वप्रथम, नवी डिस्क घेऊ नका आणि जुन्या डिस्कवर कोणालाही काहीही टाकू देऊ नका. आपल्या पत्रातच एक फार मोलाचा पुरावा आहे. वीज आल्यानंतर जो 'ऑटोमॅटिक रिपेअर'चा निळा पडदा आपल्याला दिसतो, तो पेन ड्राइव्हवरून येत नाही. विंडोजने आपल्याच डिस्कवर दुरुस्तीसाठी राखून ठेवलेल्या एका लहानशा पार्टिशनमधून, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या कप्प्यातून, तो उघडतो. डिस्क खरोखरच उडाली असती, तर हा पडदा उमटलाच नसता आणि सुरू होण्याजोगे काही सापडत नाही, असा काळ्या पडद्यावरचा संदेश आला असता. तेव्हा डिस्क चालू आहे, तिच्यावरील विंडोज मात्र अर्धवट अवस्थेत आहे, असा माझा स्पष्ट निष्कर्ष आहे.

तो पडताळून पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. लॅपटॉप पूर्ण बंद करा, सुरू करताच एफ-२ ही कळ पुन्हा पुन्हा दाबा (काही कंपन्यांच्या लॅपटॉपवर एस्केप किंवा एफ-१० दाबावी लागते) आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या, लॅपटॉपच्या मूळ सेटिंगच्या पानांत) साठवणुकीची माहिती पाहा. तेथे एसएसडीचे नाव आणि क्षमता दिसली, तर शंकेला जागा उरत नाही. काही लॅपटॉपमध्ये हे नाव मुख्य पानावर नसून इंटेल रॅपिड स्टोरेज या उपपानावर असते, म्हणून तेथेही नजर टाका. दोन्हीकडे डिस्क दिसली नाही, तरच लॅपटॉप उघडून ती नीट बसवून पाहण्याचा विचार करावा आणि ते काम जाणत्या माणसाकडून करून घ्यावे.

मग पेन ड्राइव्हवरील सेटअपला ती का दिसत नाही? इंटेलच्या अकराव्या पिढीपासून अनेक लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची व्यवस्था कारखान्यातूनच चालू केलेली असते. या व्यवस्थेत एसएसडी थेट विंडोजच्या समोर येत नाही, तर प्रोसेसरमधील एका नियंत्रकाच्या मागे असते, आणि त्या नियंत्रकाशी बोलण्यासाठी इंटेलचा वेगळा ड्रायव्हर लागतो. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजमध्ये कंपनीने तो आधीच घातलेला असतो. मायक्रोसॉफ्टच्या साध्या पेन ड्राइव्हमध्ये मात्र तो सहसा नसतो. म्हणजे घरात माणूस आहे, पण दाराची किल्ली आपल्याजवळ नाही, इतकीच ही अडचण आहे. दुकानदाराने रिकामे पान पाहून डिस्क गेली असे ठरवले असावे. ओझरच्या एका द्राक्षबागायतदारांनी नेमक्या याच कारणाने नवी एसएसडी विकत घेतली होती आणि तीही सेटअपला दिसेना तेव्हा ते माझ्याकडे आले. त्यांच्या बागेचे फवारणीचे चार हंगामांचे हिशेब जुन्या डिस्कवर जसेच्या तसे होते.

आता प्रश्नपत्रिका. नव्या विंडोजला हात लावण्याआधी त्या बाहेर काढायच्या आहेत, हा क्रम कृपया मोडू नका. एक बाह्य हार्ड डिस्क किंवा पुरेसा मोठा दुसरा पेन ड्राइव्ह जोडा. निळ्या पडद्यावर 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'ट्रबलशूट', पुन्हा 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' आणि शेवटी 'कमांड प्रॉम्प्ट' अशा क्रमाने जा. तेथे ४८ अंकी रिकव्हरी की मागितली गेली, तर घाबरू नका. याचा अर्थ आपली डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केलेला असल्यास हे कुलूप पुष्कळदा आपोआप लागते आणि त्याची किल्ली त्याच खात्यात जपून ठेवली जाते. मोबाइलवर त्या खात्यात शिरून आपल्या उपकरणाच्या नावाखाली ती शोधता येते. ती की न मिळवता कोणीही, अगदी डेटा परत मिळवून देणारा तज्ज्ञही, त्या फाइली वाचू शकणार नाही.

काळी खिडकी उघडली की इंग्रजीत नोटपॅड असे टाइप करून एंटर दाबा. नोटपॅडमध्ये 'फाइल' आणि 'ओपन' निवडल्यावर जी चौकट उघडते, तिच्यात खालच्या बाजूस 'ऑल फाइल्स' हा पर्याय निवडा, म्हणजे ती चौकट साध्या फाइल एक्सप्लोररसारखी वापरता येते. येथे ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात. नेहमीचा सी ड्राइव्ह डी किंवा ई म्हणून दिसेल. 'युझर्स' या फोल्डरमध्ये आपल्या नावाचे फोल्डर शोधा आणि ते तेथे नसेल किंवा रिकामे असेल, तर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचे फोल्डर उघडून त्यातील 'युझर्स' पाहा, कारण रीसेट करताना जुनी सामग्री तेथे हलवली गेलेली असू शकते. हवे ते फोल्डर निवडून राइट क्लिकने कॉपी करा आणि बाह्य डिस्कवर पेस्ट करा. कॉपी होत असताना किती काम झाले हे दाखवणारी पट्टी येथे दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते आणि नेमके याच वेळी अनेक जण धीर सोडून लॅपटॉप बंद करतात. आपण बाह्य डिस्कचा दिवा लुकलुकत असेपर्यंत थांबा. नंतर ती शेजारच्या संगणकाला जोडून चार-पाच प्रश्नपत्रिका प्रत्यक्ष उघडून पाहा. फाइलीचे नाव दिसले म्हणजे फाइल मिळाली असे समजू नये.

प्रत हाती आल्यावर पुढचे काम सोपे आहे. लॅपटॉपच्या तळाशी छापलेला अनुक्रमांक निर्मात्या कंपनीच्या संकेतस्थळावर भरून आपल्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून घ्या. व्हीएमडीच्या नियंत्रकासाठी लागणारा ड्रायव्हर तो हाच. बहुतेकांची चूक येथे होते : उतरवलेली एक्सई फाइल तशीच पेन ड्राइव्हवर टाकली जाते आणि सेटअप 'ड्रायव्हर सापडला नाही' असे म्हणतो. सेटअपला आयएनएफ प्रकारच्या फाइली लागतात, म्हणून ती एक्सई शेजारच्या संगणकावर आधी उलगडावी आणि उघडलेले संपूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर ठेवावे. मग रिकाम्या पानावरील 'लोड ड्रायव्हर' दाबून ते फोल्डर दाखवले की आपली ५१२ जीबीची डिस्क तिच्या सर्व पार्टिशनांसह समोर येते.

काही जण बायोसमध्ये व्हीएमडी बंद करण्याचा सल्ला देतील. त्यानेही डिस्क दिसू लागते, हे खरे आहे. परंतु प्रश्नपत्रिका बाहेर येण्यापूर्वी तो बदल करू नका. जुने विंडोज आणि दुरुस्तीचा तो निळा पडदा त्या व्यवस्थेवर विसंबून आहेत, आणि बायोसमधील बदलानंतर बिटलॉकर लगेच की मागू शकतो. मी स्वतः ड्रायव्हरचाच मार्ग पसंत करतो.

पार्टिशन पुसण्याआधी बाह्य डिस्क आठवणीने काढून ठेवा. त्यानंतर आतील डिस्कवरील सर्व पार्टिशने डिलीट करून उरलेल्या मोकळ्या जागेवर 'नेक्स्ट' दाबावे. लागणारी पार्टिशने सेटअप स्वतः तयार करतो. प्रॉडक्ट की विचारल्यास 'माझ्याजवळ नाही' हा पर्याय निवडा, कारण विंडोजसह आलेल्या लॅपटॉपची की मदरबोर्डमध्येच असते. आवृत्ती निवडण्यास सांगितले, तर पूर्वी होती तीच निवडावी. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर ती पुष्कळदा 'होम सिंगल लँग्वेज' असते. इन्स्टॉल झाल्यावर वाय-फाय दिसले नाही, तर मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, म्हणजे पुढील टप्प्यांसाठी इंटरनेट मिळेल.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे आपण ११ वर जाण्याचे ठरवले ते योग्यच आहे आणि आपला प्रोसेसर त्याच्या अटींत बसतो. मात्र हे सारे करण्यापूर्वी नवी बॅटरी बसवून घ्या किंवा इन्व्हर्टर असलेल्या एखाद्या घरी लॅपटॉप नेऊन बसा. एसएसडीसाठी आपण जे पैसे देणार होता, ते बॅटरीवर आणि प्रश्नपत्रिकांची दुसरी प्रत राहील अशा एका बाह्य डिस्कवर खर्च करावेत, अशी माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे. बायोसमध्ये डिस्क दिसली नाही, तर तेथील पडद्याचे छायाचित्र आणि लॅपटॉपचे मॉडेल कळवा. पुढच्या अंकाची वाट न पाहता आपल्याला उत्तर पाठवेन.