अमेरिकेत सरकारी ग्रँटमधून मिळणाऱ्या पगारावर मर्यादा का असते? त्याने संशोधकांचं नुकसान होत नाही का?

होतं, पण तुम्हाला वाटतंय त्यांचं नाही. मी इथल्या एका मेडिकल स्कूलमध्ये ग्रँट्सचे हिशेब बघते. ‘सरकारने पगार कापला’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

एनआयएच म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी अमेरिकेची सरकारी संस्था. तिची ही मर्यादा १९९० पासून आहे, काँग्रेस, म्हणजे इथली संसद, दरवर्षी ती बजेटच्या कायद्यात घालते. २०१२ च्या आधी काही वर्षं ती कॅबिनेट मंत्र्यांच्या पगाराला बांधलेली होती. २०१२ मध्ये एक पायरी खाली, त्यांच्या उपमंत्र्यांच्या पगारावर आणली, म्हणजे १,९९,७०० डॉलरवरून १,७९,७०० वर. जुना आकडा ओलांडायला २०२२ उजाडलं. लोकांच्या करातून कुणालाही त्या दर्जाच्या अधिकाऱ्यापेक्षा जास्त दराने पगार जाऊ नये, एवढाच हेतू. मला तो शंभर टक्के पटतो. शिवाय मर्यादा तुमच्या पगारावर नाहीच, ग्रँटमधून किती घ्यायचा त्यावर आहे. वरचे पैसे संस्थेने खुशाल द्यावेत. फक्त ते दुसऱ्या फेडरल ग्रँटमधून काढता येत नाहीत.

खरी गंमत तिथे सुरू होते. २०२४ मध्ये आमच्या एका सर्जनला ग्रँट मिळाली. पगार चार लाख डॉलर, संशोधनाला वेळ तीस टक्के. म्हणजे त्या वेळेचा पगार १,२०,०००. कॅप, म्हणजे ही मर्यादा, तेव्हा होती वर्षाला २,२१,९००, तिचे तीस टक्के ६६,५७०. उरलेले ५३,४३० डॉलर डिपार्टमेंटने भरायचे. हे अर्ज पाठवतानाच बजेटमध्ये दिसत होतं आणि डिपार्टमेंटच्या प्रमुखांनी त्यावर सही केली होती.

ग्रँट आल्यावर हेच प्रमुख म्हणाले, कागदावर पंधरा टक्के दाखवू, आपल्याला निम्मेच भरावे लागतील. काम मात्र तीस टक्केच होणार होतं. मी स्पष्ट नाही म्हणाले. तीस टक्के वेळ देणार म्हणून ग्रँट मिळाली. मुख्य संशोधकाचा वेळ पाव हिस्सा जरी कमी करायचा तरी एनआयएचची आधी परवानगी लागते. आणि काम एक, कागदावर दुसरं, ही सरळ सरळ खोटी नोंद.

मग त्यांनी पैसे कुठून काढले? आमची एक टेक्निशियन होती, उंदरांची सगळी कॉलनी तिच्या हाताखाली. कुठली मादी कधी विणार हे ती वही न उघडता सांगायची. तिचा पगार डिपार्टमेंटच्या फंडातून व्हायचा. तिला अर्धवेळ केलं. मीटिंगमध्ये कारण दिलं, ‘फेडरल कॅपमुळे नाइलाज आहे.’ मी तिथेच विचारलं, टेक्निशियनचे तास कापा असं कुठल्या नियमात लिहिलंय? ऑपरेशनांतून येणारं उत्पन्न त्याच फंडात जमा होतं, सर्जनचा बोनसही त्यातूनच निघतो. त्याला हात का नाही लावला? उत्तर मिळालं नाही. आजही ते समोर आले की मी हाच प्रश्न विचारेन.

म्हणून म्हणते, कॅपमुळे मोठ्या पगाराचा माणूस सहसा उपाशी राहत नाही. त्याची भरपाई कुणाच्या ताटातून होते ते बघा. त्याच वर्षी एनआयएचच्या फेलोशिपवर नव्या पोस्टडॉकचा (पीएचडीनंतर संशोधन करणाऱ्याचा) स्टायपेंड ६१,००८ डॉलर होता. ओरडायचंच असेल तर त्यावर ओरडा.

तुम्ही इकडे नोकरीसाठी येत असाल तर ऑफर लेटर घेताना विचारा: पगारातला किती भाग ग्रँटवर अवलंबून आहे, ग्रँट संपली तर तो कोण देणार, आणि कॅपच्या वरचा फरक कुठल्या खात्यातून भरतात? लेखी घ्या. ‘बघू, सांभाळून घेऊ’ असं म्हणणाऱ्या प्रमुखावर विश्वास ठेवू नका, मी तो प्रकार जवळून पाहिलाय.

हे सगळं एनआयएचबद्दल झालं. आकडा साधारण दर जानेवारीत बदलतो, तेव्हा ताजा बघून घ्या. एनएसएफ, म्हणजे विज्ञान संशोधनाला पैसे देणारी दुसरी सरकारी संस्था, तिचा हिशेब निराळा आहे. तिथे दराला अशी मर्यादा नाही, पण प्राध्यापकाला त्यांच्या सगळ्या ग्रँट्स मिळून वर्षाला साधारण दोनच महिन्यांचा पगार घेता येतो, जास्त हवा असेल तर बजेटमध्ये कारण देऊन मंजूर करून घ्यावा लागतो. आणि सगळीच डिपार्टमेंट्स आमच्यासारखी नसतात. शेजारच्याच इमारतीत एक प्रमुख आहेत, त्या हा फरक दरवर्षी आधीच बाजूला काढून ठेवतात. त्यांच्याकडे यासाठी कुणाचे तास कापलेले मी ऐकले नाहीत.