'मले' चूक की बरोबर?

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न दोन ओळींचा असला तरी उत्तर लांबणार आहे. शनिवारच्या मराठी वर्गात तू निबंधात 'मला'च्या जागी 'मले' लिहिलंस आणि त्याखाली लाल रेघ आली. अमरावतीची आजी तर रोज 'मले' म्हणते, 'शाळेत'ला 'शायेत' म्हणते. मग आजीचं मराठी चुकीचं का, असं तू विचारलंस. आणि वर आणखी एक: आपण मराठी आहोत, तर मराठी मला जन्मतःच का येत नाही?

आधी दुसऱ्याचं उत्तर देते, कारण पहिल्याचं त्यातूनच निघतं.

रक्तात मराठी नसते. अमरावतीत जन्मलेलं बाळ पहिल्या महिन्यात ओसाकाच्या घरी दत्तक गेलं, तर ते ओसाकाच्या पोरांसारखंच जपानी बोलेल. तरी बाळ कोरी पाटी घेऊन येतं असंही नाही. शेवटचे तीनेक महिने पोटात आईचा आवाज त्याच्या कानी पडत असतो. शब्द नाही, नुसता हेल. 1988 साली फ्रान्समध्ये चार दिवसांच्या बाळांवर प्रयोग झाला. त्यांना फ्रेंच आणि रशियन बोलणं ऐकवलं. बाळं तोंडातली चोखणी किती जोरात चोखतात यावरून कळलं, की त्यांना दोन्हींतला फरक जाणवतो.

याहून नवलाचा प्रयोग 1984 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो थेट तुझ्या कामाचा आहे. कॅनडात इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. बाळ आईच्या मांडीवर बसतं, 'त, त, त' चालू असतं, मध्येच 'ट' येतो आणि बाजूच्या पेटीतलं खेळणं उजळून हलायला लागतं. आवाज बदलला की खेळणं दिसतं हे बाळ शिकतं आणि आधीच मान वळवतं. सहा ते आठ महिन्यांची जवळजवळ सगळी बाळं मान वळवत होती. दहा-बारा महिन्यांच्या बाळांत मात्र अगदी थोडीच. हिंदी घरांतल्या बाळांना तो फरक वर्षाचं झाल्यावरही ऐकू येत होता. म्हणजे कान सगळ्या भाषांसाठी उघडा असतो आणि घरात जे लागत नाही ते पहिल्या वर्षातच बाजूला टाकू लागतो. इंग्रजीतला 't' आपल्या 'त' आणि 'ट' यांच्या मधल्या जागी उमटतो. मराठी कानाला तो 'ट' वाटतो, म्हणून आपण टोरांटो लिहितो, तोरांतो नाही.

बाजूला टाकलेलं परत मिळवता येतं, फक्त मेहनत पडते. तुझं अडतं ते 'ळ'पाशी. जिभेचं टोक वर, मागे वळव, टाळूच्या कडक भागाला लाव आणि पुढे झटकत खाली आण. आवाज चालू ठेव, हवा जिभेच्या दोन्ही बाजूंनी जाऊ दे. टोक दातांमागे लागलं तर 'ल' होतो, ताठ धरून ठेवलं तर 'ड' ऐकू येतो. पण बोलण्याआधी कान तयार कर. बाबांनी तोंडासमोर वही धरून मूल-मूळ, वेल-वेळ, काल-काळ यातला कोणताही शब्द म्हणायचा आणि तू कोणता ते सांगायचं. वीसपैकी अठरा बरोबर आले की मगच उच्चाराकडे वळ. उलट क्रमाने गेलं की मुलं आपलाच चुकीचा आवाज बरोबर समजून पक्का करून बसतात.

आता उपजत काय असतं ते बघ. मराठी घरातलं तीन वर्षांचं मूल 'मी करलं', 'मी जालो' म्हणतं. घरात कुणी तसं म्हणत नाही. सगळे 'केलं', 'गेलो' म्हणतात. मुलाने 'बसलं', 'हसलं', 'धरलं' ऐकून नियम काढला आणि 'कर'ला लावला. इंग्रजी मुलंही 'went'च्या जागी 'goed' म्हणतात ते याच कारणाने. नियम शोधण्याची ही खोड शिकवावी लागत नाही.

पण नुसत्या खोडीवर भाषा उभी राहत नाही. अकबराने तान्ही मुलं एका वाड्यात ठेवली होती. दायांना बोलायची बंदी होती. ती मुलं आपणहून कोणती भाषा बोलतात हे त्याला बघायचं होतं. 1582 मध्ये तो तिथे गेला तेव्हा मुलं कोणतीच भाषा बोलत नव्हती. त्या जागेचं नावच गुंग महाल, म्हणजे मुक्यांचा महाल, पडलं. याच्या उलट घडलं मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशात. 1977 पासून तिथे राजधानी मानाग्वात बहिऱ्या मुलांसाठी शाळा निघाल्या. वर्गात ओठ वाचून स्पॅनिश शिकवायचे, ते काही जमेना. मैदानात आणि बसमध्ये मात्र मुलांनी आपापल्या घरच्या हातवाऱ्यांची सरमिसळ सुरू केली. मागून आलेल्या लहान मुलांनी ती उचलली आणि तिला व्याकरण दिलं. आज ती पूर्ण खूणभाषा आहे. ती कुठल्या मोठ्या माणसाने शिकवलेली नव्हती. पण मुलांना एकमेकांची सोबत होती, आणि दरवर्षी नवी मुलं येत होती.

तर नियम करण्याची ताकद जन्मतः येते, नियम कोणते ते भोवतालची माणसं ठरवतात. हे धरून आता आजीकडे ये.

आजी 'शाळा'ला 'शाया', 'डोळा'ला 'डोया', 'काळा'ला 'काया' म्हणते. वऱ्हाडीत हे पक्कं आहे. पण 'लाल'चं ती 'याय' करत नाही, 'मूल'चं 'मूय' करत नाही. 'मूळ'चं करते. म्हणजे तिला 'ळ' आणि 'ल' वेगळे आहेत हे नीट ठाऊक आहे. तुझ्या तोंडी दोन्हींचा 'ल' होतो, तिच्या तोंडी होत नाही! आणि 'ळ'चा 'य' झाला म्हणून नाक मुरडणाऱ्यांना सांग, की तुमचा 'ळ' तरी कुठून आला? संस्कृतात 'फल', 'काल', 'जल' होतं. मराठीने दोन स्वरांमधल्या एकेरी 'ल'चा 'ळ' केला. 'कल्य'चं प्राकृतात 'कल्ल' झालं, तो 'ल्ल' जोड होता म्हणून वाचला आणि त्याचा आपला 'काल' म्हणजे गेलेला दिवस झाला. 'फल'चं 'फळ' करणं शुद्ध आणि 'फळ'चं 'फय' करणं अशुद्ध, याला भाषेच्या बाजूने काही आधार नाही.

'मले'चंही तसंच. 'मला'चं तेच काम वऱ्हाडी आणि खानदेशातली अहिराणी '-ले' लावून करतात. 1290 च्या ज्ञानेश्वरीत तुला 'मज', 'मातें' भेटतील. आपला 'मला'सुद्धा मागून रुळलेला आहे. ज्या 'म्या'ला शहरात गावंढळ म्हणून हसतात, तो 'म्यां' ज्ञानेश्वरीत ठळक दिसतो.

चूक आणि बोली ओळखायची कशी? कोल्हापूरकडे बायकाही 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. परदेशात वाढलेली मराठी मुलगीही कधी 'मी आलो' म्हणून जाते. ऐकायला सारखंच, पण कोल्हापूरची बाई 'ती आली'च म्हणेल, 'ती आला' कधीच नाही. तिचा नियम 'मी'पुरता आहे आणि तो अख्खा गाव पाळतो. दुसरी मुलगी एकदा 'मी आलो', एकदा 'ती आला' म्हणते. तिथे नियम अजून बसलेला नाही, म्हणून ती चूक. लहान मुलाच्या 'करलं'मागे नियम आहे, पण तो पाळणारा गाव नाही. म्हणून ते वयाबरोबर गळून पडतं.

मग लाल रेघ का आली? कारण वर्गात प्रमाण मराठी लिहायची असते. ती पुण्याच्या शिकलेल्या लोकांच्या बोलीवर घडली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 चा आणि दादोबा पांडुरंगांचं व्याकरण 1836 चं. पुढे सरकारी क्रमिक पुस्तकांवर मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याचा हात फिरला. 1962 मध्ये मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे 14 नियम केले, 1972 मध्ये त्यात चारांची भर पडली. आठ कोटींवर माणसांना एकमेकांचे अर्ज आणि बातम्या वाचता याव्यात म्हणून असा एक साचा लागतो, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती 'शुद्धलेखन' या नावाबद्दल, कारण त्यामुळे उरलेलं सगळं आपोआप अशुद्ध ठरतं. 'प्रमाणलेखन' बरं. (हे पत्रही मी 'केलं', 'आलं' असं लिहितेय. कडक प्रमाणात 'केले', 'आले' हवं.)

आणि बोली कुठे संपते, भाषा कुठे सुरू होते, हे व्याकरण ठरवत नाही. कोकणीला मराठीची बोली म्हणणारे पुष्कळ होते. साहित्य अकादमीने तिला 1975 मध्ये स्वतंत्र भाषा मानलं, 1987 मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, 1992 मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. 2011 च्या जनगणनेत खानदेशी मराठीबाहेर वेगळी मोजली आहे. माणसांचे उच्चार होते तेच राहिले, बदलला तो तक्ता.

तुझ्यापुरतं सांगायचं तर निबंधात 'मला' लिही. निबंधात आजी बोलत असेल तर तिचं वाक्य अवतरणात घाल आणि 'मले'च ठेव. तिथे 'मला' केलंस तर ते तिचं वाक्य राहणार नाही. आजीशी बोलताना 'मले', 'काऊन' (म्हणजे 'का') तोंडी आले तर येऊ देत. फक्त 'बे' लावू नकोस. 'काय बे' बरोबरीच्या मित्रांत चालतं, मोठ्यांना म्हटलं तर उर्मटपणा होतो. मालिकांत बघून वऱ्हाडी उचलणारे नेमके इथेच फसतात. त्यांना सगळीकडे 'बे' आणि 'राहिला' पेरलं की झालं असं वाटतं. वऱ्हाडीत 'मी जेवून राहिली' म्हणजे आत्ता जेवते आहे. 'मी रोज दूध पिते' तिथेही 'पिते'च, 'पिऊन राहिली' नाही.

रविवारी आजीचा व्हिडिओ फोन आला की एक कर. वहीत वीस शब्द लिहून ठेव, दहा 'ळ'चे, दहा 'ल'चे, मिसळून: नळ, लाल, टाळी, माल, बाळ, शाल, नारळ, वेल... शब्द वाचून दाखवू नकोस, नाहीतर ती नातीसाठी मुद्दाम पुस्तकी बोलेल. वस्तू दाखव किंवा चित्र, आणि हे काय म्हणून विचार. ती जे म्हणेल ते जसंच्या तसं समोर लिही. 'ल'च्या दहातला एक तरी 'य' झाला का, ते मला कळव.

तुझी,
आई