डांगरी आपलीच, आणि प्रत्येक जीन्स ‘फाटकी’ नसते

यावलहून एका वाचकाने विचारलं आहे : ‘रेडीमेडच्या ठरावीक मापांना कंटाळून कॉलेजातली मुलं-मुली पंक, ग्रंज असल्या धाटणीचे कपडे घालतात. ढगळ डांगरी, सेफ्टी पिना टोचलेलं जाकीट, गुडघ्यावर दोरे सुटलेली जीन्स. या सगळ्याला सरसकट फाटके कपडे म्हणतात, ते बरोबर का? आणि डांगरी शब्द इंग्रजी ना? की डांगरासारखी फुगीर म्हणून डांगरी?’

‘फाटके’ चूक. ऐकून ऐकून कान किटले. फाटका म्हणजे आपसूक फाटलेला, नाइलाजाने अंगावर राहिलेला. 1970 च्या दशकात लंडनच्या पंक पोरांनी मुद्दाम कापड टरकावून पिनांनी जोडलं, ते फाडलेलं. फाटणे आणि फाडणे यांत हेतूचा फरक आहे आणि मराठी तो एका अक्षरात दाखवते. शिवण सुटली तर कापड उसवतं. वापरून पातळ झालं तर विरतं.

गुडघ्यावर पांढरे दोरे दिसणारी जीन्स तर विरवलेली. डेनिमचा उभा दोरा, म्हणजे ताणा, निळा असतो आणि आडवा बाणा पांढरा. म्हणून अर्धा-पाऊण इंच अंतरावर दोन आडवे काप द्यायचे आणि मधले निळे उभे दोरे चिमट्याने एकेक ओढून काढायचे. पांढरी जाळी उरते. काप उभा दिला तर पांढरे दोरेच तुटतात आणि नुसतं भोक पडतं. काप बाजूच्या शिवणीपर्यंत नेला तर पाय उसवतो. कडेने टीप मारली नाही तर दोन धुण्यांत जाळी दुप्पट.

आता डांगरी. तापीकाठच्या डांगर-टरबुजांशी तिचा काही संबंध नाही. भुसावळच्या रेल्वे कामगाराला ठाऊक असलेली डांगरी आणि मॉलमधली ‘डंगरी’ एकच, आणि दोघींचं माहेर मुंबईची डोंगरी. ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा इंग्रजी कोश; त्याच्या कर्त्यांनी 1886 मध्ये लिहिलं की हा शब्द आम्हाला माहीत असलेल्या कुठल्याच कोशात नाही. मोल्सवर्थच्या मराठी कोशात तो ‘डोंगरी कापड’ म्हणून आधीच बसला होता : डोंगरी किल्ल्यालगतच्या वस्तीत विकलं जाणारं साधं देशी कापड, पुढे कुठलंही हलक्या प्रतीचं, स्वस्त सुती कापड. इंग्रजी रूप त्यावरूनच बिघडून झालं, हेही मोल्सवर्थ सांगतो. मराठी शब्दाचा शोध मराठी कोश न उघडता घ्यायचा, ही कसली विद्वत्ता? हॉब्सन-जॉब्सनच्या 1903 च्या सुधारित आवृत्तीत मोल्सवर्थची ही नोंद आली खरी, पण तिच्या शेजारी तेलुगू ‘दंगिडी’ही ठेवला, आणि तोही कशावरून, तर मुंबईजवळच्या एका गावाच्या नावावरून! मुंबईजवळचं दंगिडी म्हणजे तेलुगू कानाने ऐकलेली डोंगरीच, दुसरं काय?

सातपुड्यातले लोक घालत म्हणून डोंगरी, असंही काही जण ठासून सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. आपल्याकडे कापडाला नाव पडतं ते गावावरून : पैठणची पैठणी, महेश्वरची माहेश्वरी, चंदेरीची चंदेरी, इरकलचं इरकली. चंदेरीसारखाच डोंगरीच्या शेवटी ‘ई’ मुळातच आहे, त्यामुळे वेगळा प्रत्यय दिसत नाही आणि लोक थेट डोंगरावर चढतात. गंमत अशी की मुंबईच्या डोंगरीला ते नाव तिथल्या टेकडीवरूनच मिळालं. म्हणजे डोंगर या शब्दात आहेच, पण मुंबईचा. सातपुड्याचा नाही.

हे कापड जाडंभरडं, म्हणून ते खलाशी आणि मजुरांच्या अंगावर गेलं. कापडाचं नाव कपड्याला चिकटलं. आणि ज्यांना दुकानातला टापटीप कपडा नको होता त्यांनी मजुराचा हाच कपडा हौसेने उचलला. डेनिमसाठी फ्रान्समधलं नीम आणि जीन्ससाठी इटलीतलं जिनोवा घोकणाऱ्यांनी ही तिसरी ओळही पाठ करावी.

लिहिताना डांगरी लिहा. अनेकवचन डांगऱ्या. ‘माझ्या दोन डंगरीज’ नको.