नोकरी सोडून फक्त मराठीत लिहून घर चालवता येईल का?

तुम्ही लिहिलंय की वय 29, बँकेत नोकरी, दोन कथा छापून आल्यात आणि राजीनामा खिशात तयार आहे. मी गेली 18 वर्षं सांगलीत लिहिण्यावरच जगतोय. राजीनामा एवढ्यात देऊ नका.

पुस्तकाचा हिशेब सोपा आहे. 200 रुपये किंमत, 1000 प्रतींची आवृत्ती, 10 टक्के मानधन. शेवटची प्रत खपली तरी हाती येतात 20,000 रुपये, आणि ती खपेपर्यंत वर्षं जातात. माझ्या घरचा किराणा येतो तो अनुवाद आणि मुद्रितशोधन यांतून. कथा पहाटे साडेपाच ते आठ. लेखकाचं वर्षही दिवाळी अंकांनी बांधलेलं असतं. संपादक का. र. मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही रीत. उन्हाळा सरता सरता संपादकांचे फोन सुरू होतात आणि भर पावसाळ्यात कथा पोचती करावी लागते.

करार मात्र लेखीच करा. माझा पहिला संग्रह तोंडी बोलीवर छापला गेला, त्याच्या विक्रीचा कागद मला आजवर दिसलेला नाही. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जातच नाहीत आणि करारात मुदत घातली नसेल तर ती 5 वर्षांची धरतात. मला हे फार उशिरा कळलं.

आता खरं सांगायचं ते. सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथे हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. पेवाचं तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत ऐसपैस. 2005च्या महापुरात त्यांतली बरीच गेली. त्याच्या दोन वर्षं आधी मी पेवावर कथा लिहिली होती : पेव उघडतं, बापाला न विचारता मुलगा आत उतरतो आणि पुढे आठ पानं बाप-लेकाचं भांडण. कथा साभार परत आली. काय चुकलं ते कळेना, म्हणून हरिपूरला गेलो आणि एका म्हाताऱ्या हमालाला ती तोंडी सांगितली. त्यांनी मला मध्येच तोडलं. “उघडल्या उघडल्या कोण उतरतंय व्हय? आधी कंदील सोडायचा. इझला तर थांबायचं.” बंद पेवात प्राणवायू उरलेला नसतो. तास न् तास तोंड उघडं ठेवून माणसं काठावर बसून राहत.

घरी येऊन मी ती आठ पानं फाडली. नव्या कथेत बाप आणि लेक काठावर बसतात, कंदील खाली जातो, विझतो, वर येतो. पुन्हा पेटवतात. भांडणाचा एक शब्दही लिहावा लागला नाही, कारण दोघांना एकमेकांशेजारून उठून जाता येत नव्हतं. तीच माझी पहिली बरी कथा.

तुम्हाला वाटतंय की वेळ मिळाला की लिखाण सुधारेल. माझं सुधारलं ते त्या म्हाताऱ्या हमालापाशी घालवलेल्या चार तासांनी. तेव्हा मीही नोकरीतच होतो, आणि हरिपूरला गेलो तो रविवार होता.